ओबीएसच्या ब्राउझर सोर्सवर मराठी स्कोअरपट्टी: एका मोसमाचा अनुभव

पुण्यात हडपसर, धायरी भागातल्या टेनिस बॉल स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह दाखवणाऱ्या एका टीमसाठी मी ओव्हरले बनवते: स्कोअरपट्टी, विकेटचं ॲनिमेशन, प्रायोजकांची पाटी. दिवाळीनंतरचा अख्खा मोसम हे सगळं ओबीएस स्टुडिओ या लाइव्ह प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमधल्या ब्राउझर सोर्सवर, म्हणजे चित्रावर वेबपान बसवायच्या सोयीवर, चाललं. मराठीत पट्टी करायची असेल तर बिनधास्त हाच मार्ग धरा.

कारण अक्षर. ओबीएसमधला नुसता मजकूर दाखवणारा फ्रीटाइप २ वाला टेक्स्ट सोर्स देवनागरीची जोडणी करत नाही. ‘विश्वजित’ लिहिलं की पहिली वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘श्व’ सुटा पडतो. ब्राउझर सोर्सच्या पोटात क्रोमियम आहे, म्हणजे क्रोम ब्राउझर ज्यावर उभा आहे तेच, त्यामुळे वेबपानावर दिसतं तसंच नाव पडद्यावर येतं. पानाची भाषा मराठी नोंदवली आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर ‘ल’ आणि ‘श’सुद्धा आपल्या वळणाचे येतात. मॅच खेळाडूंच्या घरचे बघत असतात. पोराचं नाव मोडकंतोडकं दिसता कामा नये, यावर मी अडून बसते.

आकड्यांनी जास्त घाम काढला. १ अरुंद, ६ रुंद. त्यामुळे प्रत्येक धावेला पट्टी हलायची. सगळ्या फॉन्टांत देवनागरी आकडे सारख्या रुंदीचे मिळत नाहीत. शेवटी प्रत्येक आकड्याला ठरावीक रुंदीची चौकट दिली, तेव्हा पट्टी स्थिर झाली.

रंगाचंही सांगते. स्ट्रीमचा व्हिडिओ सहसा ४:२:० पद्धतीने जातो, म्हणजे रंगाचा तपशील उभा-आडवा निम्माच उरतो. गडद निळ्यावरची बारीक लाल अक्षरं फिसकटतात. अक्षर पांढरं ठेवा, संघाचा रंग जाड पट्ट्यात द्या. १९२० बाय १०८० च्या कॅनव्हासवर, म्हणजे पूर्ण चित्राच्या चौकटीत, ३६ पिक्सेलपेक्षा लहान अक्षर मी वापरत नाही, कारण बहुतेक प्रेक्षक फोन उभा धरूनच बघतात.

नवा सोर्स ८०० बाय ६०० चा उघडतो. माप आधी गुणधर्मांत बदला. नुसता ओढून मोठा केलात तर अक्षर धुरकट होतं.

स्कोअर भरायला कस्टम ब्राउझर डॉक झकास. बटणांचं पान ओबीएसच्याच खिडकीत बसतं, स्कोअररला दुसरा लॅपटॉप लागत नाही. सीन, म्हणजे पडद्यावरच्या वेगवेगळ्या मांडण्या, दुरून बदलायचे असतील तर वेबसॉकेटची, म्हणजे नेटवर्कवरून ओबीएसला हुकूम द्यायची, सोय २०२२ च्या २८ व्या आवृत्तीपासून आतच आहे. पासवर्ड मात्र ठेवाच, मैदानावरचं वायफाय सगळ्यांचं असतं.

लॅपटॉप जुना असेल तर दर पाटीला वेगळा सोर्स घेऊ नका, एकाच पानात जितकं मावेल तितकं बसवा. आणि गुणधर्मांतल्या ‘सीन सुरू होताच पान रिफ्रेश करा’ या पर्यायावर स्कोअरपट्टीसाठी खूण करू नका. स्कोअर कुठे साठवलेला नसेल, तर जाहिरातीच्या सीनवरून परत येताना पट्टी शून्यावर उघडते. विकेटच्या ॲनिमेशनचा सीन वेगळा असेल तर त्याला मात्र तीच खूण हवी, नाहीतर दुसऱ्या विकेटला ते चालतच नाही.