सेकंडहँड आरसी हेलिकॉप्टर घेताय? माझ्या भाच्याला कसं गंडवलं ते आधी वाचा

जरा लांबलचक होईल, पण आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) हेलिकॉप्टरचा नाद ज्यांना नव्याने लागलाय त्यांनी प्लीज पूर्ण वाचा, कारण ज्या माणसाने माझ्या भाच्याला लुबाडलं त्याची जाहिरात नाव बदलून परत लागली आहे.

भाचा कुर्ल्याला राहतो. स्टायपेंडमधून पैसे साठवून त्याने जुन्या वस्तूंच्या एका साइटवर 450 साइजचं हेलिकॉप्टर बघितलं, रिमोट, बॅटरी, चार्जर सगळं मिळून 18,500, वर लिहिलेलं "बिगिनरसाठी बेस्ट, दोनदाच उडवलंय", आणि सोबत एक व्हिडिओ ज्यात ते उलटंसुलटं मस्त उडतंय. आधी 2,000 ॲडव्हान्स यूपीआयने, बाकीचे कुर्ला स्टेशनबाहेर हातात वस्तू दिल्यावर. पोरगा म्हणाला जरा उडवून दाखवा, तर उत्तर काय, "भावा, इथे पोलीस पकडतात, आणि बॅटरी चार्ज नाहीये, मला गाडी पकडायचीय." पैसे घेतले आणि पुलावर चढून गायब.

मी बरीच वर्षं हेली उडवतोय म्हणून तो बॉक्स घेऊन माझ्याकडे आला. "मामा, टेल एकदम जोरात फिरतेय, धरलं तरी थांबत नाही." टेबलावर कॅनपी, म्हणजे पुढचं कव्हर, काढली आणि डोकंच फिरलं. मेन शाफ्ट बाहेर काढून आरशावर लोळवला तर डुगडुगत होता, म्हणजे वाकलेला. मेन गिअरचे दात उडालेले, एका सर्वोमधून (पात्यांचा कोन हलवणारी छोटी मोटर) कर्रकर्र आवाज, आणि टेल स्थिर ठेवणारा सेन्सर, म्हणजे जायरो, मेलेला, त्यामुळेच टेल धरत नव्हती. बॅटरीवर नवीन काळी श्रिंक, म्हणजे प्लास्टिकचं आवरण, चढवलेली, ती कापली तर आत सेल फुगलेले. मीटर लावला तर दोन सेल 3.8 व्होल्टवर आणि तिसरा 2.6 वर. लिपोचा (लिथियम पॉलिमर बॅटरीचा) सेल 3 व्होल्टच्या खाली गेला की तो खराब झालाच म्हणून समजायचं, आणि अशी बॅटरी घरात रात्री चार्जिंगला लावून हा झोपला असता तर? विचार करूनच हात थंड पडतात.

सगळ्यात भयंकर प्रकार ब्लेडचा. मुळाशी एक चकचकीत नवीन स्टिकर लावलेला, नखाने सोलला तर खाली चीर आणि तिच्यात फेविक्विक भरलेलं. 450 ची ब्लेड 325 मिमीची असते, मिनिटाला अडीच हजार फेरे पकडले तरी टोकाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातो, ती मुळातून सुटली आणि समोर कोणाचं पोर उभं असेल तर काय होईल ते सांगायला नको. चीर लपवून विकणारा माणूस फक्त पैशाला गंडवत नाही.

"बिगिनरसाठी" हे तर धडधडीत खोटं. हे कलेक्टिव्ह पिच हेली, म्हणजे फिरत्या पात्यांचा कोन रिमोटवरून बदलतो, म्हणून तर ते उलटं उडू शकतं, पण स्टिक जराशी हलली की तेही लगेच हलतं, नवीन माणसाच्या हातात काही सेकंदांत जमिनीवर. सुरुवात कोॲक्सिअलने करा, त्याचे दोन रोटर एकमेकांच्या उलट फिरतात त्यामुळे ते स्वतःला बऱ्यापैकी सांभाळतं, सोबत रिअलफ्लाइटसारख्या सिम्युलेटरवर टेल आपल्याकडे ठेवून हॉवर, म्हणजे हवेत एका जागी थांबवणं, पक्का करा, मग पुढे जा. यातलं काहीच माहीत नसतं म्हणूनच हे लोक नवीन पोरांना गाठतात.

आणि अजून संपलं नाही! दोन दिवसांनी त्याच माणसाचा मेसेज, "1,500 मध्ये डीजीसीएचं परमिशन लेटर देतो, मुंबईत कुठेही उडव." डीजीसीए म्हणजे विमान उड्डाणांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं. पीडीएफ आला, वर अशोकस्तंभ, खाली शिक्का. बोगस! असं मुंबईभर चालणारं लेटर कोणी खाजगी माणूस देऊच शकत नाही. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे कुठे उडवता येतं आणि कुठे आधी परवानगी लागते ते डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर फुकट बघता येतं, त्यात आपल्याकडे विमानतळ, नेव्ही, बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) सगळं शहरातच. वर मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोन आणि रिमोटवर उडणाऱ्या वस्तूंवर बंदीचा आदेश काढतात, तो चालू असेल तर हे लेटर दाखवून उलट पोरगाच अडकला असता. स्टेशनवर "पोलीस पकडतात" म्हणणारा हाच बरं का.

आम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली, चॅट, व्हिडिओ आणि यूपीआयचा यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा, नंबर जोडला. 1930 ला जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यातले पैसे गोठण्याची शक्यता जास्त, आमचे तोपर्यंत काढले गेले होते. नंबर बंद.

आता जाहिरात वाशीच्या नावाने आहे. ओळख सांगतो: पिवळी-काळी कॅनपी, व्हिडिओला आवाज नाही, मागे उघडं माळरान, आणि नीट बघा, व्हिडिओत पाती पांढरी आहेत, फोटोत काळी. कोणाला विकायचा प्रयत्न झाला असेल तर त्याच्याशी वाद घालत बसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि पैसे गेले असतील तर आजच 1930.