७४१ भोवती काय जोडायचं? ऑप-अॅम्पच्या चार ऑसिलेटरांतून निवड

नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) ७४१ मागितला की मिळतो. हा ऑप-अॅम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारा आयसी. त्याच्याभोवती काय जोडायचं, हे मात्र घरूनच ठरवून जावं लागतं. डिप्लोमाचा मिनी प्रोजेक्ट असो, नाहीतर अॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्याला टेस्टिंगचा टोन हवा असो, ऑसिलेटरांची, म्हणजे स्वतःच वेव्ह तयार करणाऱ्या सर्किटांची, चार नावं समोर येतात: आरसी फेज शिफ्ट, वीन ब्रिज, अस्टेबल मल्टिव्हायब्रेटर आणि इंटिग्रेटरवाला ट्रँगल जनरेटर. पुस्तकात चौघं एकाच प्रकरणात असतात, म्हणून कोणतंही चालेल असं वाटतं. तसं नाही. फ्रिक्वेन्सी फिरवायची आहे की एका जागी ठेवायची, हे आधी ठरवा. अर्धी निवड तिथेच होते.

फेज शिफ्ट पटकन संपवतो. तीन आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) जोड्या आणि किमान २९ चा गेन, म्हणजे सिग्नल २९ पट वाढवणं. १० के (किलोओहम) आणि ०.०१ मायक्रोफॅरड घेतलं, तर साधारण ६५० हर्ट्झची साइन वेव्ह मिळते. पण फ्रिक्वेन्सी बदलायची तर तिन्ही जोड्या एकदम बदलायला हव्यात. वायवाला (तोंडी परीक्षेत) विचारतात, म्हणून नीट शिका. जनरेटर म्हणून मी हे सर्किट बांधणार नाही.

साइनच हवी असेल तर वीन ब्रिज. तेच १० के आणि ०.०१ लावले की सुमारे १.५९ किलोहर्ट्झ, १६ के लावले की जवळजवळ १ किलोहर्ट्झ, म्हणजे ऑडिओ टेस्टिंगचा नेहमीचा टोन. गेन लागतो फक्त ३, आणि सगळी कटकट या ३ मध्येच आहे. जरा कमी पडला की ऑसिलेशन विझतं, जरा जास्त झाला की वेव्हचे माथे कापले जातात. विल्यम ह्युलेट यांनी १९३९ मध्ये यावर शोधलेला उपाय आजही बघण्यासारखा आहे: फीडबॅकमध्ये, म्हणजे आउटपुटकडून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेवर, एक छोटा बल्ब. आउटपुट वाढलं की फिलामेंट तापते, तिचा रेझिस्टन्स वाढतो आणि गेन आपोआप खाली येतो. ह्युलेट-पॅकार्डचं पहिलं उत्पादन याच कल्पनेवर उभं राहिलं.

आपण बहुतेकदा बल्बऐवजी फीडबॅक रेझिस्टरच्या एका भागावर दोन डायोड उलटसुलट जोडतो. स्वस्त आहे, चालतंही. डिस्टॉर्शन (वेव्हचा आकार बिघडणं) थोडं वाढतं. पण सिलिकॉन डायोडचा व्होल्टेज ड्रॉप दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. डिसेंबरच्या सकाळी १२ अंश आणि मे महिन्याच्या दुपारी ४५, हे नागपुरात नवीन नाही. या ३३ अंशांत ड्रॉपच्या ६०० मिलिव्होल्टमधले ६६ जातात, म्हणजे आउटपुटची उंची साधारण दहावा हिस्सा घटते. थंडीत डायलवर लिहिलेले व्होल्ट उन्हाळ्यात खरे धरू नका.

वीन ब्रिजची फ्रिक्वेन्सी फिरवती ठेवायची तर डबल गँगचा पॉट, म्हणजे एकाच दांड्यावर फिरणारे दोन बदलते रेझिस्टर, लागतो. व्हॉल्यूमसाठी मिळणाऱ्या साध्या स्टिरिओ पॉटचे दोन्ही भाग क्वचितच बरोबर जुळतात. त्यांच्यात दहा टक्के फरक पडला तर लागणारा गेन ३ ऐवजी २.९ किंवा ३.१ होतो, आणि पॉट फिरवता फिरवता मध्येच आवाज गायब. एकच टोन हवा असेल तर मात्र याच्यासारखं दुसरं नाही.

चौकोनी वेव्हसाठी अस्टेबल सर्वांत सोपं: एक ऑप-अॅम्प, एक कपॅसिटर, तीन रेझिस्टर. तिघांपैकी डिव्हायडरचे (आउटपुटचा एक भाग परत इनपुटला देणारे) दोन्ही रेझिस्टर सारखे असतील तर एका आवर्तनाला आरसीच्या २.२ पट वेळ लागतो. मात्र ७४१ चा स्ल्यू रेट, म्हणजे आउटपुट बदलण्याचा कमाल वेग, दर मायक्रोसेकंदाला ०.५ व्होल्ट. ±१२ व्होल्ट सप्लायवर आउटपुटला साधारण २१ व्होल्टची उडी मारायला ४२ मायक्रोसेकंद जातात. १० किलोहर्ट्झला अर्धं आवर्तनच ५० मायक्रोसेकंदांचं, म्हणजे स्कोपवर चौकोन दिसणारच नाही. त्याच आठ पायांच्या सॉकेटात टीएल०७१ हा वेगवान ऑप-अॅम्प लावा. त्याचा वेग दर मायक्रोसेकंदाला सुमारे १३ व्होल्ट आहे. आणि नुसतं ५ व्होल्टचं क्लॉक (ठरावीक वेळाने येणारे पल्स) हवं असेल तर ५५५ टायमर आयसी घ्या ना भाऊ, ऑप-अॅम्पला काऊन राबवता!

मिनी प्रोजेक्टसाठी माझं मत ट्रँगल जनरेटरला. एक श्मिट ट्रिगर (ठरावीक दोन व्होल्टेजना आउटपुट उलटवणारा), एक इंटिग्रेटर (त्या चौकोनी वेव्हचा सरळ चढ-उतार करणारा); दोन ऑप-अॅम्प असलेल्या एका टीएल०७२ मध्ये दोन्ही मावतात आणि स्क्वेअर व ट्रँगल सोबतच मिळतात. श्मिटला इनपुटकडून १० के आणि फीडबॅकला २० के, इंटिग्रेटरला १० के आणि ०.१ मायक्रोफॅरड दिलं की ५०० हर्ट्झ. इंटिग्रेटरच्या त्या १० केच्या सिरीजमध्ये १०० केचा पॉट टाका, फ्रिक्वेन्सी ४५ पर्यंत खाली जाते आणि उंची तेवढीच राहते. कारण पॉटने फक्त चढ-उताराचा वेग बदलतो. वेव्ह कुठे वळायची हे श्मिट ठरवतो. इंटिग्रेटरच्या चार्ज-डिस्चार्जला डायोडने वेगळे रस्ते दिले की सॉ-टूथही निघतो. शुद्ध साइन मात्र यातून मिळत नाही. डायोड शेपिंगने जवळपासची काढता येते, पण तिच्यावर अॅम्प्लिफायरचं डिस्टॉर्शन मोजू नका.

चौघांपैकी कोणतंही बांधा, टायमिंगचा कपॅसिटर पॉलिस्टरचाच घ्या. दुकानदार सिरॅमिक डिस्क पुढे करेल. तिच्या साध्या प्रकारांची कपॅसिटन्स उन्हाळ्यात इतकी सरकते की हिवाळ्यात जुळवलेली फ्रिक्वेन्सी पुन्हा जुळवत बसावं लागतं.