एचएमटी जनता: रोज सकाळी पावणेसातची चावी

दहावीच्या परीक्षेत वर्गावर जाताना मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. आमच्या केंद्रावर मला बहुतेक वेळा जी खोली मिळते तिथलं भिंतीवरचं घड्याळ कायम सव्वादहा दाखवतं. म्हणजे मनगटावर घड्याळ हवंच. माझं सेलवरचं घड्याळ तीन वर्षांपूर्वी ऐन भूमितीच्या पेपरात बंद पडलं आणि "बाई, किती वेळ राहिला?" या प्रश्नाला मी "लिहा रे, आहे अजून" असं मोघम उत्तर दिलं. गणित शिकवणाऱ्या बाईला हे शोभत नाही.

सेल कधी संपेल हे सेललाच ठाऊक. चावीचं घड्याळ बंद पडलं तर चूक आपली, आणि आपली चूक आपल्याला सुधारता येते. एवढ्याच हिशोबाने मी जुन्या चावीच्या घड्याळाकडे वळले. वडिलांची आठवण वगैरे काही नाही. वडील घड्याळच लावत नसत, एसटीच्या गाड्यांवरून वेळ सांगत.

पहिली खरेदी फसली, ती आधी सांगते. ऑनलाइन एचएमटी या सरकारी कंपनीचं 'पायलट' नावाचं एक जुनं मॉडेल दिसलं. तबकडी भगव्या-नारिंगी रंगाची, काटे चकचकीत, केस (बाहेरची धातूची पेटी) नव्यासारखी. 'जुनं, पण न वापरलेलं' असं लिहिलं होतं. १,६५० रुपये भरले. घरी आल्यावर पेपर तपासायची सवय आड आली. अक्षरं एका ओळीत नव्हती. सहाच्या आकड्यापाशी मिनिटाची रेघ काट्याच्या टोकाला जुळत नव्हती, बाराला मात्र जुळत होती. ज्या विद्यार्थ्याने वर्तुळाचे साठ भाग असे केले असते त्याला मी वही परत दिली असती.

ते घेऊन मी साताऱ्यातल्या मोती चौकाजवळच्या एका घड्याळजी काकांकडे गेले. जिन्याखाली चार फुटांची जागा, एक काचेची पेटी, एक दिवा, आणि डोळ्याला भिंग लावलेले काका. त्यांनी झाकण उघडलंसुद्धा नाही.

"ताई, डायल रंगवलंय."

"म्हणजे खोटं?"

"आतलं मशीन खरं असंल. वरचं तोंड धुऊन पुन्हा काढलंय. पायलटचं डायल सहसा काळं असतं. असला रंग कंपनीनं बघितला तर चक्कर येऊन पडंल."

असल्या घड्याळांचा मोठा धंदा आहे, हे मला नंतर कळलं. जुनी मशिनं गोळा करायची, तबकड्या रंगवायच्या, कुठल्याही केसमध्ये कुठलेही काटे बसवायचे आणि विकायचं. परदेशातले घड्याळवेडे त्याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. वडापावला हे नाव शोभलं असतं. ज्याला नुसतं रंगीत, टिकटिक करणारं घड्याळ हवंय त्याने ते जरूर घ्यावं, फक्त 'न वापरलेलं' या शब्दांवर पैसे मोजू नयेत. पन्नास वर्षांचं घड्याळ आणि तबकडीवर एक डाग नाही, तर शंका घ्या.

काकांनी मग पेटीच्या तळातून एचएमटीचंच एक 'जनता' मॉडेल काढलं. तबकडी साबुदाण्याच्या खिचडीसारखी पिवळट पांढरी. चारच्या आकड्याजवळ एक तपकिरी ठिपका. बारीक सरळ काटे, बारीक रेघा, तारीख नाही, वार नाही. 'जनता' हा शब्द देवनागरीत. रुंदी साधारण साडेतीन सेंटीमीटर. आज पुरुष मंडळी मनगटावर बशी बांधून हिंडतात, त्यामानाने हे लहान, पण माझ्या हाताला अगदी बरोबर. किंमत सर्व्हिसिंग धरून २,८००. घासाघीस करायला गेले तर काका म्हणाले, "बघा, नाहीतर नारिंगीच घाला." घेतलं.

आता या घड्याळाबद्दल. एचएमटीने १९६१ साली बंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळं करायला घेतली. त्याआधी आपल्याकडे चांगलं घड्याळ म्हणजे स्विस, आणि ते सगळ्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. जनता हे त्यांचं सुरुवातीच्या काळातलंच मॉडेल, आणि नावातच सगळं आलं. पुढे तुमकूर, श्रीनगर, राणीबाग असे कारखाने झाले. ऐंशीच्या दशकात टायटन सेलची देखणी घड्याळं घेऊन आलं आणि चावीवाल्यांचे दिवस फिरले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. या इतिहासाचा माझ्या दृष्टीने अर्थ एकच: सुटे भाग आता मेलेल्या घड्याळातूनच काढायचे. माझं नारिंगी पायलट त्यासाठीच डब्यात ठेवलंय. जनता आणि पायलट, दोन्हींत ०२३१ क्रमांकाचं एकच मशीन. काका म्हणतात, "ते स्पेअर चाकासारखं ठिवा." म्हणजे १,६५० अगदीच पाण्यात गेले नाहीत.

मशीन १७ ज्वेलचं. वर्गात मी हे सांगितलं तेव्हा एका मुलाने "बाई, मग विकलं तर किती येतील?" असं विचारलं. ती रत्नं म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेली माणकं. चाकांच्या दांड्या त्यांच्या भोकांत फिरतात, म्हणजे घर्षण कमी आणि झीज कमी. विकून काहीच यायचं नाही. घर्षणाचा धडा मात्र फुकट झाला.

तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. कान लावला तर ऐकू येतात, मोजता येत नाहीत. आतलं बॅलन्सचं चाक एका केसासारख्या बारीक स्प्रिंगवर मागे-पुढे झुलतं. झोका थोडा मोठा झाला काय आणि लहान झाला काय, एका फेरीला वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. त्या 'जवळजवळ'मध्येच या घड्याळाच्या सगळ्या खोड्या आहेत. मुख्य स्प्रिंग सुटत गेली की जोर कमी होतो, झोका लहान होतो, आणि चाल थोडी बदलते. म्हणून चावी रोज ठरलेल्या वेळी द्यायची.

माझी वेळ पावणेसात. चहाचं आधण ठेवलं की घड्याळ हातात. मनगटावर असताना चावी देऊ नये, काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. क्राउन, म्हणजे चावी द्यायचं बाजूचं गोल बटण, तिरका ओढला जातो आणि त्याची दांडी झिजते. अंगठा आणि तर्जनीत धरून पुढे फिरवायचं, बोटं मागे आणताना ते नुसतं कर्र करतं. माझ्या बोटांनी सत्तावीस-अठ्ठावीस वेळा. शेवटच्या दोन-तीन वळशांना बोटांना जडपणा कळतो, तिथे थांबायचं. चहाला उकळी यायच्या आत होतं.

इथे सासूबाईंशी माझा मतभेद. त्यांच्या मते चावी पूर्ण भरू नये, 'स्प्रिंग तुटते'. हे मी पन्नास जणांकडून ऐकलंय. काकांचं म्हणणं असं की पूर्ण भरण्यासाठीच ती असते. अडल्यावर जबरदस्ती केली तर तुटेल, तो दोष चावी भरण्याचा नाही, अडाणीपणाचा. जुनी घड्याळं पूर्ण चावी असून बंद पडतात ती आतलं तेल वाळल्यामुळे, आणि नाव मात्र शेवटची चावी देणाऱ्याचं. आमच्या घरी ते माझंच आलं असतं.

एकदा पूर्ण चावी दिल्यावर किती चालतं, तेही पाहिलं. शनिवारी सकाळी पावणेसातला भरली, रविवारी रात्री सव्वानऊला बंद. साडेअडतीस तास. म्हणजे एक दिवस विसरलात तर संध्याकाळपर्यंत आठवायला मुभा आहे. ते घड्याळ घेऊन दोन दिवस लग्नाला गेलात आणि चावी विसरलात तर मंगलाष्टकं दुसऱ्याच्या घड्याळावर.

अचूकपणाबद्दल सगळे विचारतात, म्हणून वहीच ठेवली. रोज सकाळी मोबाईलशी ताडून फरक लिहायचा. रात्री तबकडी वर करून सपाट ठेवलं तर दिवसाला १८ ते २२ सेकंद पुढे. क्राउन वरच्या बाजूला येईल असं करंड्याला टेकवून उभं ठेवलं तर ५ ते ८ सेकंद. घड्याळ कसं निजतं त्यावर त्याची चाल बदलते, हे मला पुस्तकात कधी कळलं नसतं. आता ते उभंच निजतं. आठवड्याला पाऊण मिनिटाच्या आसपास पुढे जातं, सोमवारी सकाळी मी ते जागेवर आणते. माझ्या जनताचा सेकंद काटा क्राउन ओढला तरी थांबत नाही, त्यामुळे काटा बारावर येईपर्यंत वाट बघून मिनिटकाटा रेघेवर ठेवायचा. मोबाईलइतकं काटेकोर जमत नाही, आणि जमवायच्या नादात एकदा शाळेची बस चुकली.

दिवसाला ३० सेकंद चुकणारं घड्याळ ऐकायला वाईट वाटतं. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. भागाकार करा: शंभरपैकी ९९.९६ गुण. माझ्या वर्गात एवढे गुण मिळवणारा अजून जन्माला यायचाय.

दोन वाईट दिवस आले. पहिला पूर्णपणे माझ्यामुळे. आठवीला विज्ञानही माझ्याकडेच. चुंबकत्वाचा तास होता, टेबलावर पट्टीचुंबक आणि स्पीकरमधून काढलेली दोन कडी चुंबकं. मी हात फिरवत शिकवत होते. दुसऱ्या दिवशी घड्याळ चार मिनिटं पुढे. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी चार. त्या बारीक स्प्रिंगमध्ये चुंबकत्व आलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळत सुटतं. काकांनी एका छोट्या निळ्या यंत्रावर ठेवून, बटण दाबून, हळूच वर उचललं. दहा सेकंद. पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले, "विज्ञानाच्या बाई ना तुम्ही?" त्या तासाला आता घड्याळ पर्समध्ये असतं.

दुसरा दिवस जुलैतला. साताऱ्याचा पाऊस, छत्री उलटी, आणि काचेच्या आतून वाफ. हे घड्याळ पाण्याचं नाही. भांडी घासताना, हात धुताना, पावसात, कुठेच नाही. जून ते सप्टेंबर मी ते शाळेत पोहोचल्यावर घालते आणि निघताना काढते. त्या वेळी लगेच काकांकडे नेलं म्हणून काटे गंजले नाहीत. सफाई आणि तेलाचे ६०० रुपये गेले. काका म्हणतात, चार-पाच वर्षांनी एकदा तेल लागतंच, तुम्ही लवकर आणलं एवढंच.

काच प्लॅस्टिकची आहे. खडूच्या धुळीने आणि बाकांच्या कडांनी ओरखडे पडतात. थोडी पांढरी टूथपेस्ट मऊ फडक्यावर घेऊन पाच मिनिटं घासली की बरेचसे जातात. काचेची काच असती तर हे शक्य नव्हतं, आणि फुटली असती ती वेगळीच. पट्टा मात्र काकांनी दिलेला फार हलका निघाला. मार्चच्या घामात दुसऱ्याच महिन्यात वास यायला लागला. मी कापडी घातलाय.

आवाजाचं म्हणाल तर हातावर काही जाणवत नाही. रात्री स्टीलच्या डब्यावर ठेवलं की डबाच टिकटिकतो. यांनी दोन रात्री सहन केलं. म्हणून तो लाकडी करंडा आला.

कोणाला घ्या म्हणू? ज्यांना गजर, पावलं, नाडीचे ठोके मनगटावर हवेत त्यांना हे वैताग देईल. अंधारात काही दिसत नाही, थिएटरात मोबाईलच काढावा लागतो. भेट म्हणून देणार असाल तर आधी त्या माणसाला विचारा, कारण तुम्ही त्याला रोजचं एक काम देताय. मुलाला दहावी पास झाल्यावर द्यायचं म्हणणाऱ्या एका पालकांना मी नको म्हटलं. मुलगा दुसऱ्या आठवड्यात ते कपाटात ठेवेल आणि काका पुन्हा ते पेटीच्या तळाशी टाकतील.

घ्यायचंच असेल तर घड्याळजीकडून, उघडून दाखवायला सांगून. तबकडी मळकी चालेल, रंगवलेली नको. तिथल्या तिथे चावी देऊन बघा: क्राउन डगमगतो का, बोटांत अडकतो का. 'सर्व्हिस केलंय' असं सांगितलं तर कधी केलंय ते विचारा. आणि दोन दिवस वापरून परत आणायची मुभा मागा. माझ्या काकांनी आठ दिवस दिले होते.

यंदा मराठीच्या पेपरला ११ ते २.१० अशी माझी पाळी होती. दोन वाजता मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, किती?" मी घड्याळ पाहिलं, दोन सेकंद मनातल्या मनात वजा केले आणि म्हटलं, "दहा मिनिटं. पुरवणी बांध आधी."