मे महिन्यातल्या बर्फाच्या नाळा : टूरिंग स्की की स्प्लिटबोर्ड?

सोलंगला भाड्याच्या सामानावर हात-पाय मारून झाले, मनालीच्या पर्वतारोहण संस्थेत एखादा कोर्स झाला, की पुढचा प्रश्न ठरलेला. लिफ्टचा नाद सोडून स्वतःच्या पायांनी चढायचं आणि उभ्या नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतून, उतरायचं, तर टूरिंग स्की (टाच मोकळी करून चढता येणारी स्की) घ्यायची की स्प्लिटबोर्ड (मधून उकलून दोन फळ्या होणारा स्नोबोर्ड)? कोल्हापुरातून एप्रिल-मेमध्ये तिकडे जाणाऱ्या आमच्या ट्रेकवाल्या मंडळींत हा विषय सारखा निघतो. मी आधी स्प्लिटबोर्ड वापरला, आता स्की वापरतो. म्हणजे माझं पारडं कुठे झुकलंय ते उघडच आहे. तरी बोर्डाची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे.

नाळेच्या आत बोर्ड कुठेही कमी पडत नाही. या दिवसांत आपण बहुतेक वेळा उतरायच्या नाळेतूनच क्रॅम्पॉन (बुटाखालचे लोखंडी काटे) लावून, पायऱ्या मारत चढतो. बर्फ किती घट्ट आहे, दगड कुठून सुटतायत, माथ्यावर बर्फाचं छज्जं लोंबतंय का, हे त्या चढाईतच कळतं. बोर्ड पायथ्याशी जोडून पाठीला बांधला, की वरच्या अरुंद खिंडीत जुळवाजुळव उरत नाही. टाचेने ओटा खणायचा, बसायचं, पट्टे आवळायचे. स्कीवाल्याचा कस तिथेच लागतो. बूट स्कीला अडकवणाऱ्या पिनच्या बाइंडिंगखाली बर्फ दगडासारखा बसलेला असतो आणि तो खरवडून काढल्याशिवाय बूट अडकत नाही. ४५ अंशांच्या उतारावर एक स्की हातातून निसटली तर ती थेट तळालाच सापडते. नाळेचा गळा आवळत गेला तर आखूड बोर्ड आडवा घसरवत नेता येतो, स्कीची टोकं मात्र दोन्हीकडच्या खडकाला लागतात. उन्हाने वरचा बोटभर थर दाणेदार झाला की बोर्डावरची लांब वळणं काय सुख देतात, ते ज्याने घेतलंय त्यालाच ठाऊक. तेवढ्यासाठी कुणी बोर्ड घेतला तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

रात्री गोठलेला बर्फ अजून सैलावला नसेल तर चित्र बदलतं. स्कीला दोन स्वतंत्र कडा आणि हातात दोन काठ्या असतात. एक कड सुटली तरी दुसरी धरते, आणि उडी मारून वळण घेता येतं. बोर्डावर पाय एकत्र बांधलेले, त्यामुळे कड सुटली की दोन्ही पाय एकदम जातात. हातात आइस अॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) असली तरी मनातली धाकधूक कमी होत नाही. चांगले बोर्डवाले हेही सहज करतात. मी त्या तयारीचा नव्हतो.

माझा निर्णय झाला तो मात्र नाळेखालच्या सपाटीवर. मनालीजवळच्या धुंडीहून ब्यासकुंडाकडे जाताना बकरथाचचा भाग ज्यांनी पाहिलाय त्यांना लगेच कळेल. आजूबाजूच्या नाळा उभ्या, आणि खाली आलं की लांबच लांब सौम्य उतार, हिमस्खलनाचे गोठलेले ढिगारे, मध्येच थोडा चढ. बोर्ड तिथे थांबतो. मग दोनच मार्ग. एक तर बोर्ड काढून चालायचं आणि कुजक्या बर्फात मांडीपर्यंत रुतायचं. नाही तर बोर्ड उकलून दोन फळ्या करायच्या. हे दुसरं काम ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात मधल्या हुकांत पाणी शिरून गोठलेलं असतं, ते स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोकरायचं, ओल्या हातमोज्यांना क्लिप सापडत नाही म्हणून ते काढायचे, बाइंडिंग सरकवून पुन्हा बसवायचं, आणि टाच मोकळी ठेवून त्या दोन मऊ फळ्यांवर डगमगत निघायचं. हे सगळं वरच्या उतारावर ऊन पडलेलं असताना. दिवस चढला की त्या उतारांतलं पाणी आतवर झिरपतं आणि ओला बर्फ सुटायला लागतो. जिथून लवकरात लवकर निघून जायचं, तिथेच गुडघ्यावर बसून मी हुक साफ करत असायचो. स्कीवरचा माझा जोडीदार तेवढ्यात काठ्या मारत पलीकडच्या मोकळ्या जागेत पोचलेला असायचा आणि तिथून ओरडायचा, "अरे, सावकाश कर, पण तिथं बसून राहू नको!"

पहाटेच्या आडव्या चालीतही हाच वैताग. बोर्डाची अर्धी फळी आणि मऊ बूट गोठलेल्या उतारावर आडवे जाताना कड धरत नाहीत, घोटा मुरगळत राहतो. फळीखाली लावायचे क्रॅम्पॉन मिळतात, त्यांनी बराच फरक पडतो. कठीण बुटाच्या स्कीइतका नाही, असा माझा तरी अनुभव.

आपल्याकडच्या देखभालीचंही थोडं सांगायला हवं. स्किनचा, म्हणजे चढताना घसरू नये म्हणून तळाला चिकटवायच्या पट्टीचा, गोंद कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये माळ्यावर टाकलात तर चिकट लगदा होतो. जाळी लावून घरातल्या सगळ्यात थंड कपाटात ठेवा. कडा आपल्या पावसाळ्यात हमखास गंजतात, म्हणून जूनआधी कानस फिरवून तेलाचा हात द्या आणि तळाला जाड मेण सोडा. हे दोन्ही प्रकारांना लागू. दुरुस्तीत मात्र बोर्डाचा एक गुण मोठा आहे. त्याचे स्क्रू, पट्ट्या, छोट्या प्लेट उद्यमनगरातला लेथवाला नमुना बघून करून देतो. पिन बाइंडिंगची स्प्रिंग गेली तर तिथे कुणाचा इलाज चालत नाही. दिल्लीला जाणाऱ्या निझामुद्दीनच्या गाडीत बर्थखाली सारायलाही बोर्ड बरा. स्की तिरपी ठेवावी लागते आणि शेजारच्यांशी गोड बोलावं लागतं.

बर्फावर अगदी नवे असाल, दोन्हीपैकी काहीच अंगवळणी पडलेलं नसेल, तर माझ्या मते स्की शिका. सुरुवातीला जास्त वेळ जाईल, पण आपल्याकडचे कोर्सही प्रामुख्याने स्कीचेच आहेत. आधीपासून बोर्डावर पाय बसलेला असेल तर केवळ माझ्या सांगण्यावरून तो सोडू नका, जागा बघून निवडा. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून पलीकडे लाहौलमधल्या सिस्सूच्या बाजूला जाणं सोपं झालंय, आणि तिकडे काही उतार थेट दरीच्या तळाकडे, रस्त्याच्या जवळपास येऊन संपतात. अशा नाळेत सपाटीची कटकट जवळजवळ उरत नाही. घडीच्या काठ्या आणि फळीचे क्रॅम्पॉन तेवढे सोबत घ्या, आणि खालची सपाटी किती लांब आहे ते आदल्या दिवशी स्वतः चालून बघा.