नकाशावरचं दुकान आणि शेजारचं दुकान

माझ्या नव्या अंगठीतला खडा टांझानाइट नावाचं रत्न आहे असं मला सांगितलं होतं, पण पावतीवर ‘टांझानाइट’ हा शब्दच नव्हता. हे लक्षात आलं तेव्हा आमचं जहाज सेंट थॉमस सोडून पार अँटिग्वाला पोचलं होतं. नेल्सन्स डॉकयार्ड या तिथल्या जुन्या गोदीतल्या जाडजूड, डोक्यावर छप्पर न उरलेल्या दगडी खांबांच्या सावलीत मी पर्समध्ये सनस्क्रीन शोधत होते, तर हाताला घडी घातलेली पावती लागली. लेडीज रिंग, १४ कॅरट, ब्लू स्टोन, फायनल सेल (म्हणजे माल परत घेणार नाही). तीनदा वाचली. ब्लू स्टोन म्हणजे निळा खडा. निळा तर तो होताच!

आता पहिल्यापासून सांगते, म्हणजे यात मूर्खपणा माझा किती आणि डाव त्यांचा किती, ते तुमचं तुम्हीच ठरवा.

ताई आणि मी, दोघीच निघालो होतो. पोर्टो रिकोतल्या सान हुआनला जहाजात बसायचं, आठवडाभर कॅरिबियन बेटं बघायची आणि पुन्हा सान हुआनलाच उतरायचं. ताईला इतिहासाचं वेड, मला समुद्राचं. त्यामुळे १५३९ साली बांधायला घेतलेला एल मोरो किल्ला तिच्या वाट्याचा आणि पांढऱ्या वाळूचे किनारे माझ्या वाट्याचे, अशी आमची सरळ वाटणी होती. खरेदी दोघींच्याही डोक्यात नव्हती.

ती डोक्यात घातली जहाजाने. पहिल्याच संध्याकाळी थिएटरमध्ये ‘पोर्ट टॉक’ होता. ताई वही घेऊन बसली, बंदरांची माहिती देतील म्हणून. पाऊण तास फक्त दागिने! शेवटी प्रत्येकीच्या हातात एक नकाशा आला. त्यावर दुकानांना नंबर, फुकट पेंडंटची कुपनं आणि ‘या दुकानांतल्या खरेदीला गॅरंटी’ अशी ठळक ओळ. अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, या दुकानांनी जाहिरातीचे पैसे भरले आहेत हेही लिहिलेलं होतं. ते मी घरी आल्यावर वाचलं. तुम्ही थिएटरातच वाचा.

टांझानाइटचं कौतुक तिथेच ऐकलं. १९६७ साली टांझानियात, किलिमांजारोजवळच्या मेरेलानी टेकड्यांत हा खडा सापडला, जगात इतरत्र त्याची खाण नाही, ती संपली की संपलं. हे सगळं खरं आहे. पण आफ्रिकेतला खडा कॅरिबियनमध्ये येऊन स्वस्त का व्हावा, हा प्रश्न तीनशे माणसांच्या थिएटरात कुणालाच पडला नाही, मलाही नाही. त्या समुद्राचा स्वतःचा म्हणावा असा खडा म्हणजे लारिमार. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये मिळतो, उथळ पाण्यासारखा फिकट निळा दिसतो. त्याचं नाव कुणी काढलं नाही. त्यात कमाई कमी असणार, दुसरं काय.

सेंट थॉमसला सकाळी आम्ही मेगन्स बे या किनाऱ्यावर गेलो. टॅक्सी म्हणजे बाजू उघड्या असलेला, आत बाकं टाकलेला ट्रक. ड्रायव्हरने माणशी भाडं सांगितलं आणि मी लगेच सावध झाले. टॅक्सी एक आणि भाडं प्रत्येकाचं वेगळं? त्याने शांतपणे सरकारी दरपत्रक काढून दाखवलं. तिथे भाडी कायद्याने ठरलेली आहेत, आणि माणशीच आहेत. एका डॉलरचाही फरक नव्हता. परक्या मुलखात फसवणूक म्हटलं की आपल्याला टॅक्सीवाला आठवतो. मी सगळा संशय त्या बिचाऱ्यावर खर्च करून टाकला आणि दुपारी दागिन्यांच्या दुकानात, एसीच्या गारव्यात शिरताना माझ्याकडे तो शिल्लकच नव्हता.

शार्लट अमालिया हे सेंट थॉमसचं मुख्य गाव मूळचं डॅनिश लोकांचं. १९१७ साली अमेरिकेने अडीच कोटी डॉलरचं सोनं मोजून सेंट थॉमस आणि त्याच्या शेजारची बेटं त्यांच्याकडून विकत घेतली. मुख्य रस्त्यावर अजून त्या काळच्या वखारी उभ्या आहेत. जाड भिंती, कमानीची दारं आणि मधून समुद्राकडे जाणारे अरुंद बोळ. पूर्वी तिथे जहाजांचा माल असायचा, आता काचेच्या कपाटांत हिरे असतात. सगळ्या कमानी दिसायला सारख्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ताई म्हणाली, “मी त्या नव्व्याण्णव पायऱ्या चढून येते.” जुनी जहाजं तळाला वजन म्हणून ज्या विटा भरून आणत, त्या विटांच्या पायऱ्या टेकडीवर चढत जातात. मी म्हटलं, तू जा, माझे गुडघे नको म्हणतायत.

नकाशा हातात धरून मी एका बोळाच्या तोंडाशी उभी होते. दारातला माणूस हिंदीत म्हणाला, “आइए दीदी, यही है.” इतक्या दूर हिंदी कानावर पडली आणि मी निम्मी तिथेच फसले. त्याच्याही हातात तोच नकाशा होता. गार पाणी आलं, चौकशी झाली, आणि त्याने विचारलं, “कौनसा जहाज?” मला वाटलं गप्पा मारतोय. तो माझ्या परतीची वेळ काढून घेत होता. साडेचारच्या आत जहाजावर परतायचं होतं, आणि ते माझ्याइतकंच त्यालाही पाठ होतं. तेव्हा वाजले होते तीन वीस.

पहिला अर्धा तास त्याने विक्रीचा शब्द काढला नाही. एकेक अंगठी मखमलीवर ठेवायची, उचलायची. मग ही काढली. दिव्याखाली धरून हळूच कलती केली. एका बाजूने गर्द निळी, जरा वळवली की जांभळी. “काचेत असं कधी होत नाही,” म्हणाला. ते अगदी खरं आहे. काचेत नाहीच होत. खोटं बोलावं लागलं असतं तर कदाचित मी पकडलं असतं, पण त्याने मला खरी परीक्षा करून दाखवली आणि खडा काच नाही एवढंच सिद्ध केलं.

किंमत ३८०० डॉलर. मी उठले. चार वाजायला पाच मिनिटं होती. तो आत ‘मालकाला विचारायला’ गेला आणि घड्याळाच्या काट्यावर नजर ठेवूनच जणू परत आला. १७००. रोख दिले तर कार्डाचं कमिशन वाचतं म्हणे. माझ्याकडे रोख ६०० होते, उरलेले कार्डावर. डबी, पिशवी, दुकानाचं सर्टिफिकेट, पावती, सही, सगळं पाच मिनिटांत. सर्टिफिकेटवर अंगठीची किंमत ४२०० लिहिलेली, लिहिणारं दुकानच. आपल्या पोराला आपणच दिलेला चांगल्या वर्तणुकीचा दाखला.

धावत बंदरावर पोचले तर ताई घाम पुसत उभी. “नव्व्याण्णव कसल्या, १०३ आहेत. दोनदा मोजल्या.” खरंच तेवढ्याच आहेत, नाव मात्र नव्व्याण्णवचं. मी तिला अंगठी दाखवली. ती म्हणाली, “छान आहे,” आणि पुढे काहीच बोलली नाही. ताई गप्प राहिली की मला धडकी भरते.

अँटिग्वात पावती सापडल्यावर संध्याकाळी जहाजावरच्या शॉपिंग डेस्ककडे गेले. तिथल्या मुलीने पावतीवरचा पत्ता नकाशाशी ताडून पाहिला. माझ्या नकाशातल्या नंबराचं दुकान शेजारच्या कमानीतलं होतं. मी गेले ते यादीत नव्हतंच. ती सौजन्याने म्हणाली, गॅरंटी लागू नाही. आणि यादीतल्या दुकानातली खरेदी असती तरी ‘किंमत जास्त वाटली’ किंवा ‘नंतर पटलं नाही’ ही कारणं चालत नाहीत, असं त्याच कागदावर आहे.

घरी आल्यावर रत्नपरीक्षेच्या लॅबमध्ये अंगठी दिली. तिथल्या बाईंनी दहापट भिंगाखाली धरून मलाच बघायला लावलं. वरच्या सपाट पैलूतून खाली पाहिलं तर मागच्या पैलूंची प्रत्येक कड दुहेरी. डोळ्यांत पाणी आल्यावर समोरचे दिवे दोन-दोन दिसतात, तसं. टांझानाइटमध्ये किरण इतके फाकत नाहीत, त्यामुळे कड एकेरीच दिसते. हा प्रयोगशाळेत बनवलेला फॉर्स्टेराइट होता. तोही कलता केला की रंग बदलतो, म्हणून तर टांझानाइटच्या नावाखाली खपतो. प्रकाश किती वाकतो ते यंत्रावर मोजलं, आकडा १.६५ च्या आसपास आला. टांझानाइटचा १.६९ ते १.७० असतो. सोनं मात्र खरंच १४ कॅरट निघालं, त्याचं मला उगाच हसू आलं.

लॅबचा रिपोर्ट घेऊन बँकेत गेले. इथे एक गोष्ट नीट सांगते, कारण ती मला कुणी सांगितली नव्हती. ‘वस्तू सांगितल्याप्रमाणे नाही’ अशी तक्रार कार्डावर करता येते, पण त्याला मुदत असते, आणि तुम्ही वस्तू परत करायचा प्रयत्न केलात का, हे बँक विचारते. मी सुदैवाने दुकानाला ईमेल केला होता: खडा टांझानाइट नाही, अंगठी कुरिअरने परत पाठवते, पैसे द्या. उत्तर आलं, “दुकानात घेऊन या, जरूर बघू.” हजारो मैलांवरच्या गिऱ्हाइकाला! त्या एका ओळीने माझं काम केलं. पावतीवर नुसतं ‘ब्लू स्टोन’ असलं तरी सर्टिफिकेटवर त्यांनीच ‘टांझानाइट’ छापलं होतं. भाव फुगवायच्या नादात घेतलेलं नाव त्यांच्याच अंगाशी आलं. सर्टिफिकेट, रिपोर्ट आणि तो ईमेल असं सगळं जोडून दिलं. अडीच महिन्यांनी ११०० डॉलर परत आले.

बँकेतल्या मुलीने शेवटी विचारलं, “मॅडम, तुम्ही तर १७०० म्हणत होतात?”

मी पावती पुन्हा उलगडली. बेरीज ११०० ची होती. रोख दिलेल्या ६०० चा त्यावर कुठे मागमूसही नव्हता.