शॉकअपला रंग मारला आणि नव्याचे पैसे घेतले

गाडीच्या पुढच्या चाकाकडून ‘खट्ट खट्ट’ आवाज येतोय म्हणून कुणी तुमच्या हातात वीस-पंचवीस हजारांचं एस्टिमेट ठेवलं असेल, तर होकार देण्याआधी हे वाचा. आमचे 26,400 रुपये गेले. बिघडलेल्या भागाची किंमत हजाराच्या आत होती. त्याला गॅरेजवाल्यांनी हातही लावला नव्हता.

गाडी साधी हॅचबॅक, आठ वर्षं जुनी. कामानिमित्त गगनबावड्याला जाणं-येणं असतं. तिकडचा पाऊस आणि ऊस सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी खचलेल्या रस्त्याच्या कडा, हे दोन्ही गाडीच्या खालच्या रबरांना खातात. फुलेवाडीकडून कोल्हापूर शहरात शिरताना, गाडी अगदी हळू असताना, डाव्या बाजूनं आवाज यायचा. मोठ्या खड्ड्यात नाही, तर बारीक उखडलेल्या रस्त्यावर. वेग वाढला की ऐकू येत नसे. हा तपशील मी गॅरेजमध्ये पहिल्याच वाक्यात सांगितला होता. आजार ओळखायला तेवढं पुरेसं होतं, हे नंतर कळलं.

गॅरेज चांगलं मोठं, रॅम्प, एसी केबिन, सगळं. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे आहे. तिथल्या सुपरवायझरनं गाडी चालवून बघितली नाही. थेट रॅम्पवर घेतली, चाकं हवेत लोंबत असताना लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांडीच्या, बुशात टॉमी (लांब लोखंडी कांब) घातली आणि जोर लावून हलवून दाखवली. “साहेब, बघा किती प्ले आहे. दोन्ही आर्म गेले. शॉकअपला तेल सुटलंय. रॅकपण वाजतीय. असंच चालवलं तर चाक निखळंल एखाद्या दिवशी.” घरात म्हातारी आई, लहान मुलं. चाक निखळेल म्हटल्यावर माणूस नाही कसं म्हणणार? हीच भीती ते विकतात.

प्ले म्हणजे ढिलेपणा, शॉकअप म्हणजे धक्के शोषणारा भाग, रॅक म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारा भाग. आता यातली एकेक गोष्ट तपासून बघा. बुश रबराचा असतो. लांब टॉमी घालून रेटलं तर कालच बसवलेला बुशही हलतो, कारण हलण्यासाठीच तो रबराचा केलेला आहे. बुश गेला म्हणायला रबर फाटलेलं, लोखंडापासून सुटलेलं दिसावं लागतं, आणि त्याची तक्रार सहसा ब्रेक मारताना किंवा गाडी जागेवरून सोडताना ‘धप्प’ अशी येते. शॉकअपवर तेलाचा पुसट ओलावा धूळ धरून बसलेला असतो, तो बऱ्याच जुन्या गाड्यांत दिसतो. खालपर्यंत ओघळ आला असेल तर ती गळती. आणि गळका शॉकअप खटखटण्याआधी गाडी डुलवतो. बॉनेट दाबून सोडलं की गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी. दोन-तीनदा हेलकावली तर शॉकअप संपला. आमची एकदाच वर येऊन थांबत होती. ही परीक्षा कुणीही दारात करू शकतो, त्याला गॅरेज लागत नाही.

काम झालं. बिल असं: दोन शॉकअप 9,800, दोन लोअर आर्म 7,600, रॅकचं काम 5,500, मजुरी 2,500, अलाइनमेंट 1,000. ट्रायल त्यांनी हायवेच्या गुळगुळीत पट्ट्यावर दिली, तिथे तो आवाज आधीही येत नव्हता. जुने पार्ट मागितले तर “भंगारवाला सकाळीच घेऊन गेला” असं उत्तर मिळालं. घरी येताना उखडलेल्या रस्त्यावर तोच आवाज, तीच डावी बाजू. फोन केला तर म्हणाले, “नवीन पार्ट आहेत साहेब, सेट व्हायला वेळ लागतो.” सस्पेन्शनचा नवा पार्ट खटखटत खटखटत सेट होत नसतो. हे वाक्य कुणी ऐकवलं तर गाडी त्याच पावली दुसरीकडे दाखवा.

त्यापेक्षा वाईट गोष्ट घाटात कळली. वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग आपोआप सरळ होतं, ते होईना. हातानं ओढून सरळ करावं लागत होतं. मागच्या सीटवर आई होती. पैशाचं दुःख होतं तेवढं होतं, पण खरा राग मला तिथे आला.

ओळखीतून शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी आधी विचारलं, आवाज कुठं येतो? मग शेजारी बसून मला त्याच तसल्या रस्त्यानं गाडी चालवायला लावली. एका ठिकाणी ब्रेक पॅडलवर नुसता पाय टेकवून चालवायला सांगितलं. त्यानं आवाज बंद झाला असता तर ब्रेकचा कॅलिपर किंवा पॅड वाजत असल्याचा संशय. आवाज तसाच राहिला. जागेवर उभी करून स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. तेव्हा ‘कर्र’ किंवा स्प्रिंग उडाल्यासारखं झालं असतं तर शॉकअपचा वरचा माउंट आणि त्याचं बेअरिंग. तेही नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना ‘टक-टक-टक’ नाही, म्हणजे एक्सलचा जॉइंट ठीक. वेगाबरोबर वाढणारी घरघर नाही, म्हणजे चाकाचं बेअरिंग ठीक. एवढं सगळं पाना हातात घेण्याआधी.

मग गाडी पिटवर, म्हणजे खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर, घेतली. चाकं जमिनीवरच, वजन गाडीचं गाडीवर. त्यांच्या हाताखालच्या पोरानं बाहेरून गाडी आडवी हलवली आणि मिस्त्रींनी डाव्या लिंक रॉडवर बोटं ठेवली. “दादा, हात लावा हितं. लिंक गेलीया तुमची.” प्रत्येक हेलकाव्याला बोटाला खट्ट लागत होतं. रबराची टोपी फाटलेली, आतलं ग्रीस धुऊन गेलेलं, पाणी आणि माती आत. लिंक रॉड म्हणजे स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला) सस्पेन्शनशी जोडणारी दोन टोकांची बारीक कांडी. हळू वेगात, बारीक खड्ड्यांवर, एकाच बाजूनं खटखट आली की बहुतेक वेळा पहिला संशय तिच्यावरच घ्यावा. एकच चाक जॅकवर उचललं की बारवर ताण येतो आणि हा प्ले लपतो, म्हणून मिस्त्रींनी ती चाकं टेकलेली असताना तपासली. खात्रीसाठी त्यांनी दोन्ही लिंक सोडल्या, बारची टोकं बांधली आणि गाडी हळू फिरवून आणली. आवाज गायब. (जुन्या अल्टोसारख्या काही गाड्यांत बार थेट लोअर आर्मला जोडलेला असतो, तिथे लिंक नसते, बारचे बुश बघावे लागतात.)

नव्या लिंक बसवताना त्यांचं लक्ष शॉकअपकडे गेलं. “ह्यो नवा हाय म्हणून कुणी सांगितलं तुमास्नी?” समोरून काळाभोर. टॉर्च धरून मागची बाजू दाखवली: गंज, खडी लागून उडालेले टवके, जुनी माती. स्प्रे जिथे पोचला नाही तिथे जुना शॉकअप जसाच्या तसा होता. ब्रेकच्या होजवर काळ्या रंगाचे शिंतोडे. चाकाच्या बाजूच्या दोन्ही बोल्टांवर पान्याची एकही ताजी खूण नाही. म्हणजे शॉकअप खाली उतरवलेच नव्हते, गाडीवरच रंगवले होते. लोअर आर्म मात्र खरंच बदलले होते, पण त्यांच्यावर कुठल्याच कंपनीचा शिक्का नाही, आणि बुशाचे बोल्ट चाकं लोंबत असताना आवळलेले. तसं आवळलं की गाडी खाली टेकल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मिस्त्रींनी ते सैल करून गाडीचं वजन चाकांवर असताना पुन्हा आवळले. रॅकचं ‘काम’ म्हणजे खालचा ॲडजस्टर गच्च पिळला होता, एवढंच. म्हणूनच स्टिअरिंग परत येत नव्हतं. 5,500 रुपये घेऊन त्यांनी चांगली रॅक धोकादायक करून दिली होती.

मी सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ काढले, मिस्त्रींकडून काय आढळलं ते सहीनिशी लिहून घेतलं. त्यांनी ते दिलं, याचं मला फार मोल वाटतं. धंद्यातल्या माणसाविरुद्ध लिहून द्यायला सहसा कुणी तयार होत नाही.

घरी बिल नीट बघितलं. वर ‘एस्टिमेट’ छापलेलं, पार्ट नंबर एकाचाही नाही, किमतींत जीएसटी धरल्याचं लिहिलेलं पण जीएसटी क्रमांक कुठेच नाही. नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेताच येत नाही, आणि महाराष्ट्रातला क्रमांक 27 नं सुरू होतो, तेवढं काउंटरवरच बघून घेता येतं. नव्या शॉकअपचा खोका, त्यावरचा पार्ट नंबर आणि छापील किंमत काम सुरू होण्याआधी मागा. जुने पार्ट डिकीत ठेवायला सांगा, तेही गाडी देतानाच, एस्टिमेटवर लिहून. अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा छापील कागद मागा. आम्हाला तो कधीच मिळाला नाही.

गॅरेजला लेखी नोटीस पाठवली. उत्तरात मालकाचा फोन आला: शॉकअपचे 9,800 रोख देतो, तक्रार नाही असं लिहून द्या. मी नाही म्हणालो. ज्यानं स्टिअरिंग तसं करून गाडी घाटात पाठवली, त्याला असं सुटू द्यायचं नव्हतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार ऑनलाइन दाखल केली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आधी नुसता सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. मुदत फसवणूक झाल्यापासून दोन वर्षांची असते. तेव्हा गेल्या वर्ष-दीड वर्षात तुमच्या गाडीचे शॉकअप ‘बदलले’ असतील, तर स्टिअरिंग पूर्ण वळवा, टॉर्च घ्या आणि चाकामागं शॉकअपची पलीकडची बाजू बघा. रंग अर्ध्यातच संपलेला दिसला तर आधी फोटो काढा, मग बिल शोधा.