ब्रिटिश ब्लूज-रॉक बास पॅक: वर्षभर वापरल्यावरचं रडगाणं

गेल्या महिन्यात बास गिटार शिकवणाऱ्या एका अ‍ॅपच्या वार्षिक रिन्यूअलचे अकाउंटमधून ५,४९९ रुपये कटले, त्या रागात हे लिहितोय हे आधीच सांगून टाकतो. अ‍ॅपचं नाव घेत नाही, रिफंडचं तिकीट अजून ओपन आहे आणि तशीही ही बास शिकवणारी अ‍ॅप्स साधारण एकाच साच्यातली, वरून रंगीत पट्ट्या खाली येतात, फोनचा माइक ऐकतो, गाणं संपलं की टक्के देतो. फीचर्स सगळ्यांना माहितीयेत, ती परत सांगत बसत नाही. ऑटोपेचे पैसे कटायच्या २४ तास आधी मेसेज यायला लागतो, तो आलाही, पण त्यात अ‍ॅपचं नावच नाही, कुठल्यातरी भलत्याच पेमेंट कंपनीचं नाव. बँकेचे दिवसाला दहा मेसेज येतात, त्यातून हा कोण कसा ओळखणार!

असो. अ‍ॅपमधला हा गाण्यांचा पॅक घेतला तो क्रीम, फ्री, झेपलिन, जॉन मेयॉलचे ब्लूजब्रेकर्स ह्या जुन्या ब्रिटिश बँड्सच्या बासलाइन्स नीट बसवायच्या म्हणून. गिटार शिकवणारे आमच्या पुण्यात गल्लोगल्ली आहेत पण बास म्हणलं की 'आधी गिटार शिका मग बघू' असं ऐकायला मिळतं, आणि क्लासची फी बघता वर्षाचे साडेपाच हजार स्वस्तच वाटले. पहिले दोन-तीन महिने तर मी भेटेल त्याला हे अ‍ॅप घ्यायला सांगत होतो.

कारण सुरुवात झकास होते. पहिलंच गाणं क्रीमचं सनशाइन ऑफ युवर लव्ह. त्यांचा बासवाला जॅक ब्रूस, त्याने हा रिफ (परत परत येणारा सुरांचा तुकडा) बांधला तो जानेवारी १९६७ मध्ये लंडनच्या सॅव्हिल थिएटरला गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सला ऐकून आल्यावर, नोट्स मोजून दहा, सगळ्या डीच्या ब्लूज स्केलमधल्या, आणि त्या दहा नोट्सवर जवळजवळ अख्खं गाणं उभंय. अ‍ॅप तो पाचव्या-सातव्या फ्रेटवर (बासच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या) शिकवतं, तिथे तो लगेच जमतो. तोच रिफ एक तार जाड बाजूला सरकून दहाव्या-बाराव्या फ्रेटवर वाजवून बघा, नोट्स त्याच पण आवाज जाड आणि गोल होतो, हे अ‍ॅपमध्ये कुठेच सांगितलेलं नाही, मला हाताने सापडलं. ब्रूसकडे तेव्हा गिब्सन ईबी-३ होता, त्याची स्केल, म्हणजे तारेची लांबी, साडेतीस इंच, आपल्या नेहमीच्या फेंडर टाइप बासची ३४ इंच, त्यामुळे त्याच्या तारा मुळात सैल. तो सेलो शिकलेला माणूस, ते त्याच्या व्हायब्राटोत ऐकू येतं. रिफच्या शेवटाकडचा तो एफ नुसता दाबून चालत नाही, थोडा हलवावा लागतो. अ‍ॅपला हलवलेला आणि न हलवलेला दोन्ही सारखेच.

बॅकिंग ट्रॅकही ओरिजिनल नाही, कोणीतरी परत वाजवून घेतलाय. समजू शकतो, लायसन्स महाग असतील. पण क्रीमचा ड्रमर जिंजर बेकर ह्या गाण्यात टॉमवर (ड्रम सेटमधला घुमणारा ड्रम) १ आणि ३ ह्या मात्रांवर जोर देतो, सगळा डोलारा त्या उलट्या वजनावर आहे, आणि ह्यांच्या ड्रमरने सरळ २ आणि ४ वर स्नेअर हाणलाय, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात हाणतात तसा. तरी तिथपर्यंत मी गप्प होतो.

डोकं फिरलं ते ऑल राइट नाऊला.

ज्यांनी हे गाणं फक्त गिटारच्या बाजूने ऐकलंय त्यांच्यासाठी सांगतो, १९७० चं गाणं, फ्रीचा बासवाला अँडी फ्रेझर तेव्हा १७ वर्षांचा, गाण्याचा सहलेखकही तोच. आणि ह्या पठ्ठ्याने कडव्यात बास वाजवलेलाच नाही. गिटार, ड्रम्स आणि पॉल रॉजर्सचा आवाज, बस. बास येतो तो थेट कोरसला, आणि आला की खोलीतली हवा बदलते. पुढे सोलोच्या खाली जे वरच्या वर फिरत राहतं ते वेगळंच प्रकरण, पण मुळात कोरस एवढा मोठा वाटतो कारण त्याआधी खाली कोणी नव्हतं. सतरा वर्षांच्या पोराला स्वतःच्याच गाण्यात हात बांधून उभं राहायचं सुचलं, ह्याला अक्कल म्हणतात.

आता अ‍ॅप काय करतं? कडव्यात बासच्या नोट्स शून्य, म्हणून कडवंच उडवतं! स्क्रीनवर 'पुढच्या भागाकडे' असं येतं, तीन-दोन-एक, आणि तुम्ही डायरेक्ट कोरसमध्ये. अहो, ते थांबणंच तर शिकायचंय. किती बार (चार-चार मात्रांचे तुकडे) थांबायचं, मोजत राहायचं, हात तारेवर ठेवून तार गप्प ठेवायची आणि बरोब्बर एकवर आत शिरायचं, ह्याच्यातच तो बास आहे. तबल्यात खाली आली की 'इथे काही नाही' म्हणून कोणी मात्रा गाळतं का? कोरसच्या नोट्स सोप्या आहेत, दहावीतलं पोरगं बसवेल. मित्राच्या बँडमध्ये हे गाणं घेतलं तेव्हा जे अडलं ते नोट्समध्ये नाही, शिरण्यात अडलं, आणि त्याचा सराव अ‍ॅपने एकदाही करून घेतलेला नव्हता.

तिथून मला हे भूत लागलं, म्हणलं आता बघूच ह्याला थांबणं कळतं का. मग मुद्दाम एक साधा बारा बारचा शफल (झुलत्या तालाचा ब्लूज) घेतला, अ‍ॅपमध्येच आहे, ब्लूजब्रेकर्सच्या धाटणीचा. आधी नीट वाजवला, म्हणजे प्रत्येक नोट जिथे संपायला हवी तिथे संपवून. डाव्या हाताचं बोट तारेवरून उचलायचं नाही, नुसता दाब काढायचा, तार फ्रेटपासून सुटते पण बोटाला चिकटून राहते आणि आवाज तिथेच मरतो. ओपन ई असेल तर दुसऱ्या हाताचा अंगठा टेकवायचा. हे करताना सुरुवातीला हात अवघडतो आणि एखादी नोट हलकी पडते. मार्क आले ९१. मग तोच तुकडा सगळ्या नोट्स एकमेकांत घुसू देत वाजवला, नुसता चिखल, हेडफोनमध्ये मलाच ऐकवेना. मार्क ९८ आणि वर तीन तारे, स्क्रीनवर फटाके!

म्हणजे ह्याला नोट कधी सुरू झाली एवढंच कळतं, संपली कधी ह्याच्याशी देणंघेणं नाही. हेवी मेटलला एक वेळ चालेल हो, पण ब्लूज-रॉकमध्ये ब्लूजब्रेकर्सच्या बासवाल्या जॉन मॅकव्हीसारखा माणूस दिसायला काहीच करत नाही, रूट (मूळ स्वर), पाचवी, सहावी, परत खाली, आणि तरी १९६६ चा तो क्लॅप्टनवाला ब्लूजब्रेकर्सचा अल्बम त्याच्यामुळे चालतो, पळत नाही. ते सगळं नोट किती लांब ठेवली आणि कुठे सोडली ह्यावर आहे. मॅकव्ही आधी इन्कम टॅक्स खात्यात इन्स्पेक्टरचं ट्रेनिंग घेत होता, संगीताचं शिक्षण काही नाही, मेयॉलने बी. बी. किंग आणि विली डिक्सन ह्या अमेरिकन ब्लूजवाल्यांच्या रेकॉर्डी हातात दिल्या आणि त्या ऐकून ऐकून हा शिकला. त्याला टक्के देणारं कोणी नव्हतं ते बरंच झालं म्हणायचं.

बायकोचं म्हणणं असं की मी गाण्यापेक्षा मार्कांशीच जास्त भांडतो. असेल.

आता चांगलंही सांगायला पाहिजे, नाहीतर म्हणाल नुसताच चिडलाय. झेपलिनचं द लेमन साँग. गाण्याची मुळं अमेरिकन ब्लूज गायक हाउलिन वुल्फच्या किलिंग फ्लोअर गाण्यात, पुढे त्यावरून कोर्टकचेरीची वेळ आली आणि त्याचं नाव क्रेडिटमध्ये घालावं लागलं, पण बास मात्र पूर्ण झेपलिनच्या जॉन पॉल जोन्सचा आणि बराचसा जागच्या जागी सुचलेला. हे मी अनेक वर्षं ऐकतोय, कधीच पकडता आलं नव्हतं, कारण तो माणूस तीच गोष्ट दोनदा करत नाही. पॅकमध्ये हे गाणं बसवणाऱ्याने मात्र जीव ओतलाय. मधल्या सोलोला गाणं वेग पकडतं आणि परत खाली येतं, तो बदलही नीट ठेवलाय, क्लिकला बांधून सपाट केलेला नाही. वेग ६० टक्क्यांवर आणून दोन-दोन बारचे लूप लावले आणि कोडं उलगडायला लागलं. जोन्स एका छोट्या घराभोवतीच फिरत असतो, रूट आणि त्याचा ऑक्टेव्ह (तोच स्वर वरच्या सप्तकात), पण दर वेळी वेगळ्या दाराने आत येतो, कधी खालून सरकत, कधी मधली एखादी मेलेली नोट (सूर नसलेला नुसता ठोका) टाकून, कधी पहिली मात्रा चक्क सोडून. डोळ्यासमोर पट्ट्या असल्यामुळे सोडलेली मात्रा दिसते, रिकामी जागा म्हणून. तेव्हा वाटलं की पैसे वसूल. हे नुसतं ऐकून माझ्याच्याने आयुष्यात झालं नसतं. म्हणजे दोन स्टारवरून साडेतीनवर मी ह्या एका गाण्यामुळे आलो.

मग पैसे कटले आणि परत दोनवर गेलो.

सपोर्टची कथा थोडक्यात. आधी चॅटबॉट, त्याला 'रिफंड' लिहिलं की तो 'तुमची ट्यूनिंगची अडचण सोडवूया का' विचारतो. मग माणूस आला, प्रत्येक मेसेज 'रॉक ऑन' ने सुरू. त्याचं म्हणणं, रिन्यूअल होऊन ४८ तास झाले की पॉलिसीत बसत नाही. मी म्हणलं मेसेजात तुमचं नावच नव्हतं तर ४८ तासांत कळणार कसं, तर म्हणे तुमचा फीडबॅक आमच्यासाठी मोलाचा आहे. मोल ५,४९९, मला माहितीये ते! शेवटी तीन महिने जादा देतो म्हणाले. जे नकोय तेच आणखी देतायत. नाही म्हणून सांगितलं, तिकीट वर पाठवलंय म्हणतात.

पण त्या भांडणात एक गोष्ट हाती लागली. वैतागून मी ऑल राइट नाऊचं पुराणही त्यांना लिहून पाठवलं होतं, तर कोणा सीनियरने उत्तर दिलं की कडवं न उडवायची सेटिंग आहे. सेटिंग्ज, मग सराव, मग प्रगत, आणि सगळ्यात खाली 'रिकामे भाग दाखवा'. तेही फक्त टॅबलेट आणि लॅपटॉपवर, फोनवर नाही. बाय डिफॉल्ट बंद! ज्याने कोणी हे बंद ठेवलं त्याने बास कधी हातात धरला नसणार. असो, लॅपटॉपवर चालू केलं आणि खरंच पूर्ण कडवं येतं, रिकामी स्क्रीन सरकत राहते आणि तुम्ही मोजत बसता. त्यामुळे वरचा अर्धा राग मागे घ्यायला हरकत नाही. नोटच्या लांबीचं मात्र कुठलंच सेटिंग नाही, हे त्याच सीनियरने कबूल केलं, 'रोडमॅपवर आहे' म्हणाला.

तोपर्यंत माझा जुगाड असा: फोनवरच साधं रेकॉर्डिंग लावतो, अ‍ॅपचे मार्क बघतच नाही, नंतर ऐकतो. तारा फ्लॅटवाउंड (गुळगुळीत पृष्ठभागाच्या) टाकल्यात आणि ब्रिजपाशी भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा खोचलाय, त्याने नोट आपोआप लवकर मरते आणि जुना मऊ आवाज येतो, खर्च दहा रुपये. तारा महाग आहेत पण वर्षानुवर्षं टिकतात, ते पैसे जिवावर आले नाहीत. स्पंज लावल्यावर अ‍ॅपला माझ्या नोट्स कमी ऐकू येतात आणि मार्क आणखी पडतात, ही वेगळीच गंमत.

घ्यायचं असेल तर वार्षिक घेऊ नका, महिन्याचा ६९९ वाला घ्या. रोज अर्धा तास बसलात तर दोन-तीन महिन्यांत पॅकमधलं कामाचं सगळं उरकतं, लेमन साँग धरून. ऑटोपे त्याच दिवशी बंद करा आणि तेही बँकेच्या अ‍ॅपमधून, ह्यांच्या अ‍ॅपमधलं कॅन्सल दाबलं की आधी सर्व्हे येतो, मग ऑफर, मग परत सर्व्हे. लॅपटॉप किंवा टॅबलेट नसेल तर ह्या नादाला लागूच नका. आणि पॅकच्या पोस्टरवर अँडी फ्रेझरचं नाव बघून फ्रीच्या मिस्टर बिग ह्या गाण्यासाठी घेत असाल तर थांबा, त्याचा तो बास सोलो ज्यात आहे ते गाणं पॅकमध्ये नाहीये, वेगळं विकतात, १४९ रुपयांना.